हरताळाच्या दिवशीचा रस्ता

अरे, माझी ती जुनी फटफटी आठवते ना? तिच्यापायी मी एकदा कोर्टात उभा राहिलो होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळाच्या दिवशी लालबागहून गिरगावात बहिणीकडे गेलो होतो, आणि गाडी जोरात चालवल्याचं समन्स पोस्टाने आलं ते पाच महिन्यांनी. लायसन्स जायची धास्ती होती. चाळीतला शांताराम एका वकिलाकडे कारकून. तो म्हणाला, "एवढ्या उशिरा आलंय, नुसतं आठवत नाही म्हण. सुटशील."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "तो दिवस आठवतो?"

मी तोंड उघडलं आणि तो रस्ताच डोळ्यांपुढे आला. "आठवतो, साहेब. ट्राम नाही, मोटार नाही, दुकानं बंद. भायखळ्यापासून चौपाटीपर्यंत नुसता वारा. गाडी जमिनीला टेकतेय असं वाटतच नव्हतं."

मागे उभ्या शांतारामने कपाळाला हात लावला.

साहेबांनी दंड लिहायला पेन उचललं, पण ते खिडकीकडेच बघत राहिले. मग हळू आवाजात विचारलं, "वाटेत एकही गाडी नव्हती?"

"एकही नाही, साहेब."

"मी त्या दिवशी घरातच बसून होतो," ते म्हणाले, आणि दंड लिहिला.