वसंताची झिप फाइल

आमच्या वसंताले न येणारी गोष्ट ब्रह्मदेवानं बनवलीच नाही, असं तोच सांगे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धंतोलीतल्या एका सर्जनसाहेबांनी कॉम्प्युटर घेतला आणि आम्हा दोघांले कामावर ठेवलं. पेशंटच्या फायली इतक्या वाढल्या, का कॉम्प्युटरात जागाच उरली नाही.

वसंता म्हणाला, "झिप करतो, साहेब. साऱ्या फायली दाबून एकच लहान फाइल बनते. लागल्या तेव्हा उघडायची, जशाच्या तशा निघतात."

संध्याकाळी तो ऐटीत म्हणाला, "झालं! बाकी सारं पुसून टाकलं."

"वा! उद्या ज्या बाईचं ऑपरेशन आहे, तिची फाइल काढ गा."

वसंतानं दोन-चार बटणं दाबली आणि हात मागं घेतले.

"काहून थांबला?"

"उघडायचा प्रोग्राम सापडून नाही राहिला, साहेब."

"कुठं गेला?"

"तोबी झिपमध्येच भरला."

मी सायकल हाणत रामदासपेठेतल्या कॉम्प्युटर क्लासमधून त्या प्रोग्रामची फ्लॉपी आणली, तेव्हा कुठं बाईची फाइल निघाली. साहेबांनी ती नीट वाचली, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, "वसंता, आम्ही पोट शिवायच्या आधी कात्र्या मोजून घेतो गा."