कंसातली आठवण

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आणि लवकर निसटता यावं म्हणून दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेल्या माझ्या दूरदर्शी सहकाऱ्यांनो,

सर्वप्रथम एक तक्रार. हा माइक अध्यक्षांच्या उंचीला बेतलेला आहे. मला टाचा उचलून बोलावं लागतंय. स्वेच्छेने निवृत्त होणाऱ्या माणसाला शेवटच्या दिवशी तरी पूर्ण पावलांवर उभं राहू द्यावं की नाही? असो.

या कचेरीतली निरोपाची सगळी भाषणं मीच लिहीत आलो. कोणी आलं की विचारायचो, ऐकणार कोण? त्यांना आज काय ऐकायचंय? आणि तुम्हाला खरंच काय म्हणायचंय? तिसऱ्या प्रश्नावर उत्तर ठरलेलं, "ते तुम्हीच बघा हो!" मी बघत असे. टाळी कुठे पडेल, डोळे कुठे पुसले जातील, सगळं आधीच योजून.

मग माझ्या निरोपाची भाषणं कोण लिहिणार? अध्यक्ष म्हणाले, "तुमच्याबद्दल तुमच्याइतकं छान कोण लिहील?" लिहिली. स्वतःची स्तुती लिहिताना संकोच वाटतो म्हणतात. मला काही वाटला नाही. फक्त एक जागा मोकळी सोडली. कंसात लिहिलं, 'येथे स्वतःची एखादी आठवण सांगावी.' म्हटलं, तेवढं तरी मला आधी ठाऊक नसेल.

पुढचं आपण ऐकलंच. अध्यक्षांनी खणखणीत आवाजात वाचलं, "येथे स्वतःची एखादी आठवण सांगावी," आणि पुढच्या परिच्छेदावर गेले. पाठोपाठ उपाध्यक्षही. टाळ्या मात्र मी योजल्या होत्या तिथेच पडल्या.

आपल्या टेलिफोन ऑपरेटर ताईंनी तेवढं माझ्याकडून भाषण लिहून घेतलं नाही. परवा मी विचारलं, "ऐकणार कोण?" तर म्हणाल्या, "तुम्हीच की! मग तुमचंच तुम्हाला काय वाचून दाखवू?" मघाशी त्या इथे आल्या. मग म्हणाल्या, "रोज दुपारी लाइन तपासायला म्हणून यांना फोन करायचे. लाइन कधीच बिघडलेली नसायची. आता उद्यापासून कुठे करू?" आणि जाऊन बसल्या. टाळी कोणी वाजवली नाही.

भाषणांत मी आजवर ढिगाने प्रश्न पेरले. उत्तराची अपेक्षा एकालाही नव्हती. ताईंच्या या प्रश्नाला आहे. आणि मी रोज काय करत होतो? "ठीक आहे," म्हणून फोन ठेवत होतो. दुपारभरात वाजणारा तेवढाच तर फोन होता.

आपण वेळ काढून आलात, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल तर पोटात घाला.

आणि ताई, तुमचं उत्तर देणं लागतो. घरी फोन आहे. तोही फारसा वाजत नाही. बिघडलाय की काय, तपासायला हवा. नंबर या कागदाच्या पाठीवर लिहिलाय. खाली उतरताना तुमच्या हातात देतो.