थांबलेली सनई

गेवराईजवळ गोदाकाठी मोहनराव मास्तर नावेची वाट पाहत बसले होते. पाठीमागे सनईच्या ताफ्यातले दोघे बोलत होते.

“सुग्रीवा, उद्या तालुकदारसायबाच्या दारात माझा दम तुटला तं?”

“बंकटदादा, मी सूर धरून हाय की. लोकांला वाटंल, मुद्दाम थांबलास.”

“आन् सायबाला कळलं तं? आज्यापासून ताफ्याचं नाव हाय. माझ्या हातून बुडायचं.”

“मग आत्ताच वाजवून बघ.”

सुग्रीवाने एकच सूर लावून धरला. त्यावर बंकटची सनई चढत गेली आणि मधेच तुटली. त्याने उपरणं तोंडावर दाबून खोकला गिळला. सूर तेवढा चालू राहिला. मास्तरांनी मागे वळून पाहिलं.

“वाहवा!” टोपलीपाशी बसलेली म्हातारी म्हणाली. “तुझा आजा बी आसाच थांबायचा, बाबा. त्या थांबण्याचंच तं लई नाव व्हतं!”

“सुग्रीवा, तवा सूर तुझा आजाच धरायचा न्हवं?”

“हां.”

“मग माझा आजा मुद्दाम थांबायचा, का...?”

“ते कुणाला सांगू नगं, म्हणून माझा आजा बजावून गेलाय. चल, नाव लागली.”