तिसऱ्या खेपेचे दात

—नाही, नाही, आता बोलायचं नाही मास्तर, ट्रे हलला की माप बिघडलं. ओठ सैल सोडा. लाळ गळेल, गळू दे, त्यासाठीच तर गळ्यात हा कागद बांधलाय. श्वास नाकानं — आता तुम्हाला मी श्वासाचं काय सांगणार म्हणा, जन्मभर बासरी फुंकलीत! पाच मिनिटं. मसाला घट्ट झाला की काढतोच. दुखलं, उमासा आला, तर डावा हात वर करायचा, माहीतच आहे तुम्हाला, सातवी खेप — सातवीच ना? जिन्यावरून पडलात काय, पुढचे दोन दात गेले काय, आणि दोन दातांना सात खेपा काय. बरं, पिशवी कुठंय तुमची? ती लांबडी, बासऱ्यांची? अहो, मान नका हलवू! ताई — ताई, मास्तरांची पिशवी बाहेर खुर्चीवर असेल, जरा आत — काय? आणलीच नाही? ... दिल्या? कुणाला? भाचीला? सगळ्या? ... असं म्हणाले तुम्हाला? "आता नीट चावता आलं की पुरे"? ... बरं. तुम्ही बाहेर काउंटरवर बसा ताई. दार लोटून घ्या.

मास्तर, हे असं कसं केलंत? म्हणजे — मला विचारायचं तरी. नाही, मला कशाला विचाराल, मी कोण, दातांचा डॉक्टर. किती झालं? एक मिनिट. अजून चार आहेत. चार मिनिटं तुम्हाला बोलता येणार नाही, हे एका परीनं बरंच आहे. नाहीतर हे सांगणं माझ्याच्यानं व्हायचं नाही.

तुम्ही पहिल्यांदा इथं वाजवलीत ते आठवतंय? मीच म्हटलं होतं, वाजवून बघा, हवा कुठून सुटते ते कळेल. कामाचंच बोललो होतो हो मी! तुम्ही या खुर्चीत ताठ बसलात, तो एक खालचा सूर लावलात — लांब, संपेचना — आणि ताईंनी आपण होऊन बाहेरचं हवेचं मशीन बंद केलं. पंचवीस वर्षं मी दिवसभर त्या मशीनची घरघर ऐकतोय, ते बंद असताना ही खोली कशी असते तेच मला ठाऊक नव्हतं. बाहेरच्या बाकावरचे लोक ऐकत बसले. एक जण तर दाढ दुखायची थांबली म्हणून उठून घरी गेला, दुसऱ्या दिवशी गाल सुजवून परत आला! आणि मी — तुम्ही विचारलंत, डॉक्टर, सर्दी झालीय का? मी म्हटलं, हो, मास्कमुळे. सर्दी कसली डोंबलाची. रडत होतो मी. एक्कावन्न वर्षांचा माणूस, हातात मोजे, नाक पुसायची सोय नाही.

कारण मीही वाजवायचो, मास्तर. कॉलेजात. बरी वाजवायचो. सुटली. कशी सुटली म्हणाल तर सांगता येत नाही, हेच तर आहे. कुणी बंद करायला लावली असती, भांडणबिंडण झालं असतं, तर तारीख तरी लक्षात राहिली असती. शेवटची कधी वाजवली तेच आठवत नाही. त्या दिवशी घरी जाऊन कपाटावरून काढली. फुंकली तर नुसतं फुर्र. बायको म्हणाली, गॅस गळतोय का बघा. हसू नका, ट्रे हलेल... नाही, तुम्ही हसत नाही आहात. असो.

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. लोकांच्या दाढा उपटताना कानात तोच सूर. तुमची तारीख आली की मी सकाळपासून घड्याळ बघतो. आणि मग तिसरी खेप. तिसऱ्या खेपेला मी दात बसवले, तुम्ही फुंकलंत, आणि — तुम्हालाही कळलं होतं, मास्तर. तुम्ही डोळे मिटलेत. चेहरा असा निवला तुमचा. कुठं हवा नाही, शीळ नाही, काही नाही. बसले होते दात! झालं होतं काम! आता तुम्ही उठणार, नमस्कार करणार आणि परत कशाला येणार? आणि मी म्हटलं, "कडेनं जराशी हवा सुटतेय, नाही?"

म्हटलं खरं. तुम्ही म्हणाल, छे हो, काय बोलता, असं वाटलं होतं. तुमचा कान केवढा! पण तुम्ही परत फुंकलंत, परत फुंकलंत, आणि म्हणालात, "असेल डॉक्टर. तुम्ही म्हणता तर असेल." मग घासतो म्हणून मी ते काढून घेतले. चौथ्या खेपेला नवे केले, कणभर आखूड. पाचव्या खेपेला कणभर लांब. खोटं बोलावं लागलंच नाही पुढं, खरंच हवा सुटायला लागली. आणि तुम्ही आपले म्हणायचात, "दम कमी पडतोय माझा, वय झालं." मी इथंच उभा होतो. ऐकत होतो. एका शब्दानं—

हात का वर केलात? दुखतंय? उमासा येतोय? ... नाही ना. कळलं. खाली घ्या हात. घ्या ना खाली. एकच मिनिट राहिलंय.

सरळ विचारता आलं असतं मला. मास्तर, तुमच्या घरी येऊन बसू का ऐकायला, शिकवाल का मला. एवढंच. जीभ रेटली नाही. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना "आ करा, आ करा" म्हणतोय, स्वतःचं तोंड उघडलं नाही. पण भाचीला देऊन टाकाल, हे माझ्या मनात — आईशपथ, मला वाटलं, आणखी एक खेप, मग देतोच. प्रत्येक वेळी असंच वाटलं.

झालं. काढतो. हं, सुटला. चूळ भरा. हे माप नकोच आहे आपल्याला, टाकून देतो. ही डबी घ्या, खणातच ठेवली होती. तिसऱ्या खेपेचे दात आहेत, घासून दिले म्हणालो ती दुसरीच जोडी होती, यांना हात लावलेला नाही. बसवा. मी नाही, तुम्हीच बसवा... बसले? बसले ना? आणि ही माझी बासरी, चीर गेलीय, दोरा गुंडाळलाय, पण एक सूर निघेल. एकच लावा. माझ्यासाठी नका लावू, तुम्हाला कळावं म्हणून. तुमचा दम कमी पडत नव्हता, हे तुमचं तुम्हाला—

आता बोलता येईल मास्तर तुम्हाला. बोला ना. शिव्या द्या, काहीही बोला. अहो, कागद तरी सोडवू दे गळ्यातला... असू द्या, इथं हत्यारांच्या ट्रेमध्येच ठेवा बासरी. जिना उतरताना जपून, कठड्याला धरून—

ताई! जरा मशीन बंद करा. बंद करा म्हणतोय ना. ते बाहेर काही बोलले? ... नुसतेच गेले? दात तोंडात होते ना? ... थांबा जरा, जिन्यावर पाऊल परत वळतंय का ऐकू द्या.

नाही. काही नाही. लावा मशीन. पाठवा पुढच्या पेशंटला. या, बसा. आ करा.