स्वप्नांची वही, एक नग

सन्माननीय अध्यक्ष, प्राचार्य महोदया, व्यासपीठावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती प्रा. वीरभद्र हिरेमठ सर, त्यांच्यासोबत आलेल्या त्यांच्या पत्नी गंगम्मा काकू, आणि जेवणाच्या वासाकडं मन असूनही शांत बसलेल्या माझ्या मित्रांनो,

मानसशास्त्र विभागातर्फे बोलायचा मान तुम्ही मला दिलात. मी, भुवनेश्वरी, सरांची विद्यार्थिनी, आणि गेली अकरा वर्षं त्यांच्याच हाताखाली शिकवते. तेव्हा आज गोड बोलणं माझं कर्तव्यच, नाही का?

व्यक्तिमत्त्वाचं मनोविश्लेषण सरांसारखं आपल्या वाशी तालुक्यात कुणी शिकवलं नाही, हे खरंच. इदम् म्हणजे हट्टी लेकरू, पराहम् म्हणजे पारावरची चार माणसं, आणि अहम् म्हणजे दोघांत भरडली जाणारी सून. वर्ग हसायचा, पण विसरायचा नाही. "मनात आलं म्हणून पाप होत न्हाय," सर म्हणायचे. मी त्यावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या वर्षाला प्रात्यक्षिकासाठी महिनाभर आपली स्वप्नं लिहायची होती. एका स्वप्नात माझे वडील वारले होते आणि मी हातभर नव्या बांगड्या भरून हसत होते. जसं पडलं तसं लिहिलं. वही फक्त सर वाचणार, असा त्यांचा शब्द होता.

पुढच्या वर्षी सरांनी ते स्वप्न उदाहरण म्हणून वर्गात वाचून दाखवलं. नाव बदललं हो. गाव ईट, तीन बहिणींतली थोरली, वडील सनईवाले, एवढं मात्र राहू दिलं. त्या वर्गात माझी चुलत बहीण दीपाली बसली होती.

आठ दिवसांत वडिलांनी विचारलं, "पोरी, म्या मेलेलं तुला बरं वाटलं व्हय?"

मी सरांकडं धावत आले. म्हटलं, एकदा ईटला चला, स्वप्न म्हणजे काय ते तुम्हीच सांगा, तुमचं ते ऐकतील. सर म्हणाले, "शास्त्र वेगळं, घर वेगळं." वडील त्यानंतर सहा वर्षं जगले. माझ्या हातचं जेवले, पण माझी थट्टा त्यांनी पुन्हा कधी केली नाही. सर, तुम्ही माझा विश्वासघात केलात. निरोपाच्या दिवशी हे बोलू नये म्हणतात, पण मग बोलायचं कधी?

सोमवारी सरांनी मला विभागाचा चार्ज दिला. चाचण्यांचे संच, कपाटाच्या किल्ल्या, आणि यादीत सगळ्यात शेवटी 'स्वप्नांची वही, एक नग'. माझी वही विभागाच्या मालमत्तेत नोंदवलेली होती. बाकी सगळ्यावर मी सही केली आणि वही घरी नेली. त्या नगापुढं 'गहाळ' लिहा, चौकशी लागली तर उत्तर मी देईन. वडिलांना उत्तर द्यायचं मात्र राहून गेलं.

संयोजकांचे आणि सकाळपासून चुलीपुढं असलेल्या आचाऱ्यांचे आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. गंगम्मा काकू, तुमची मी मनापासून माफी मागते. सरांची मागत नाही.