कोऱ्या पानाखालची सही

मंडळी, ऐका! आज कीर्तनात एक सरळ प्रश्न. चोरी पाप — कबूल! खोटं बोलणं पाप — कबूल! पण काय लिहिलंय ते न वाचता, भिडेखातर नुसती सही ठोकणं — हे पाप की पुण्य? बोला की! काय हो अण्णा, मान का खाली घातली? तुमचं नाव अजून घेतलं नाही मी!

तर गोदाकाठचं एक गाव. नाव सांगत नाही — तुमची सोयरीक निघायची तिथं! त्या गावच्या हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवायच्या प्रतिभा खंदारे बाई. अहो, काय शिकवायच्या! दुसरीकडं या तासाला पोरं डुलक्या घेतात, इथं बाकं वाजायची! त्या दिवशी नववीला ग्रामसभेचा धडा. बाईंना नुसतं स्फुरण चढलेलं! "पोरांनो, गावाचा मालक कोण? सरपंच? छे! ग्रामसभा! गावातला प्रत्येक मतदार तिचा सभासद. तिथं तुमची आई उभी राहिली, तर सरपंचाला उत्तर द्यावं लागतं!"

आणि नेमका तेव्हाच दारात कोण? पंचायतीचा शिपाई लिंबाजी! काखेत जाडजूड रजिस्टर. "बाई, ग्रामसभेची तेवढी सही."

बाईंनी बोलता बोलता सही केली. बारा वर्षांची सवय हो! गावाची रीतच तशी. सभा भरवायची कशाला? लिंबाजी दारोदार फिरणार, सह्या-अंगठे आधी, वरचं पान कोरं, ठराव मागाहून सावकाश! लोकशाही घरपोच! बसल्या जागी!

पहिल्या बाकावरून शिवकन्या ढगे उठली. खो-खोच्या संघाची कप्तान, पोरगी मोठी धीट. "बाई, सभा कधी झाली?"

"झाली असेल की गं..."

"तुम्ही तर इथं आमच्यासमोर आहात. मग तुमची हजेरी कशी लागली? अन् वर तर काहीच लिहिलं नाही!"

लिंबाजी बिचारा भोळा, हसत म्हणतो, "अगं, वर गाळ्यांचा ठराव लिहायचाय. तुमच्या मैदानावर बारा दुकानं होणारेत!"

मैदानावर! जागा पंचायतीची, पण शाळेला खेळायला तेवढी एकच. शिवकन्येनं खिडकीतून मैदानाकडं पाहिलं. "बाई... मग आम्ही खेळायचं कुठं?"

आता पेच बघा! बाई राहायच्या कुठं? सरपंच भानुदासरावांच्या माडीवर, भाड्यानं! पाण्यात राहून माशाशी वैर! पण समोर बेचाळीस पोरं टक लावून बसलेली. आत्ता गप्प बसलं, तर उद्या कुठल्या तोंडानं शिकवायचं? लाज वाटली हो बाईंना, स्वतःचीच! रजिस्टर परत ओढलं, सहीवर काट मारली अन् शेजारी लिहिलं — "सभा झालेली नाही. मी हजर नव्हते." लिंबाजीनं कपाळालाच हात लावला.

संध्याकाळी भानुदासराव माडी चढून आले. "बाई, शिकवणं शाळेत ठेवा. नाहीतर खोली रिकामी करा!"

"करते," बाई म्हणाल्या. "पण सभा भरवा."

आता असलं खोडलेलं रजिस्टर तालुक्याला दाखवायचं कसं? झक मारत सभा लावावी लागली! पोरांना मत नसतं मंडळी, पण तोंड असतं की! घरोघर एकच भुणभुण — आई, चल! दादा, चल! सभेच्या दिवशी पंचायतीचं अंगण फुल्ल, अन् पोरं कंपाउंडवर चढून बसलेली!

भानुदासरावांनी मिशीवरून हात फिरवला. "गाळ्यांना कुणाचा विरोध?"

सगळे एकमेकांची तोंडं बघतायत. उठल्या बाई, एकट्या! "माझा विरोध आहे. अन् एक कबूल करते. बारा वर्षं मी न वाचता सह्या केल्या. मी चुकले."

तशी बायकांतून शिवकन्येची आई उठली. गंगूबाई ढगे, अक्षरशत्रू बाई! पदर खोचला अन् म्हणाली, "सरपंच, शिकलेली बाई चुकले म्हणती. मी तर अंगठेबहाद्दर! आजवर मी कशाकशावर अंगठा दिला, ते आधी वाचून दाखवा. मग गाळ्यांचं बोलू!"

अहो, काय सांगू! गाळ्यांच्या विरोधात एक हात वर झाला, दुसरा झाला, दहा झाले, सगळं अंगण हातच हात! ठराव पडला! मैदान वाचलं! पोरांनी कंपाउंडवरून उड्याच टाकल्या! बाईंची खोली मात्र गेली ती गेलीच. त्याच आठवड्यात ढग्यांच्या शेजारी पत्र्याच्या खोलीत बिऱ्हाड मांडलं. पण सभेच्या दुसऱ्या दिवशी तोच धडा त्यांनी पहिल्यापासून शिकवला, अन् या खेपेला शिवकन्येच्या नजरेला नजर देऊन!

आता माझ्या मंडळींनो, तुमचं बोला! तुमच्या गावची सभा मागं कधी झाली? सरपंच पुढंच बसलेत, पण त्यांच्याकडं बघू नका, माझ्याकडं बघा! देवापुढं दोन्ही हात जोडता, फार चांगलं करता. त्यातला एक गावासाठी वर करायला काय होतं? येत्या सभेला कोण कोण जाणार? टाळ ठेवा खाली, अन् आत्ता, या क्षणी, हात वर करा बघू!