बैठकीतला गॅस

होमा बे गावच्या दवाखान्यात अडोंगो खोकणाऱ्या लेकीला मांडीवर घेऊन रांगेत बसली होती. पुढच्या बाकावर एका सासू-सुनेची जुंपली होती. सुनेचं बाळही खोकत होतं.

"आई, आज तरी गॅसवर करू द्या."

"मक्याच्या पिठाची घट्ट उगाली? गॅसवर? मागच्या खेपेला घोटता घोटता त्या टाकीवरच्या बर्नरवरून पातेलं उलटलं, विसरलीस?"

"कुणी जरा धरलं असतं तर..."

"चुलीचे तीन दगड कुणाला धरावे लागत नाहीत."

"मग निदान याचं दूध तरी तापवते."

"आणि पाहुणे आले की गॅस संपलेला! एवढं कव्हर विणून घातलंय मी त्याला. बैठकीत कसा शोभतो."

"शोभतो हो. आणि हा रात्रभर खोकतो."

"तुझा नवराही खोकायचा. वाढलाच ना?"

तेवढ्यात नर्सनं त्यांना टेबलाशी बोलावलं.

"घरी स्वयंपाक कशावर करता?"

"गॅसवर!" सासू ताठ मानेनं म्हणाली.

नर्सनं सुनेकडे पाहिलं. सून खाली मान घालून बाळाला थोपटत राहिली.

"बरं, पुढे कोण? तुमच्या घरी कशावर?"

अडोंगोनं लेकीच्या अंगावरची धुरकट वासाची शाल ओढून घाईघाईनं पिशवीत कोंबली.

"गॅसच आहे की आमच्याकडे."